करंजाखालचे काटकोनी बाक : दहा महिन्यांनंतर

आमच्या सोसायटीत, पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, ए विंगसमोरच्या करंजाखाली फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नवे बाक बसले. आता डिसेंबर आहे. उन्हाळा, पावसाळा, गणपती, दिवाळी सगळं होऊन गेलंय, म्हणून आता लिहिते. खरेदीआधी मी असाच कुणाचा तरी अनुभव शोधत होते, पण सापडली ती बहुतेक मतं माल घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेली होती. उघड्यावरच्या बाकाबद्दल पहिल्या आठवड्यात काहीच कळत नाही.

घेतलं काय, ते आधी सांगते. काटकोनात वळलेले दोन बाक, प्रत्येकाची एकेक बाजू पाच फूट. एक चौकोनी टेबल, अडीच फुटांचं. सहा सुटी स्टुलं. सांगाडा गॅल्वनाईज केलेल्या (जस्ताचा थर दिलेल्या) चौकोनी पाईपचा, बसायच्या आणि पाठीच्या पट्ट्या सागाच्या. बाक ३८,००० रुपयांना एक, टेबल १६,०००, स्टूल ३,२०० ला एक. वाहतूक आणि खालचे काँक्रीटचे ठोकळे धरून एकूण सव्वा लाखाच्या आसपास. शहराबाहेरच्या एका फॅब्रिकेटरकडून, म्हणजे लोखंडी काम करणाऱ्याकडून, करून घेतले. त्याआधीच्या सप्टेंबरमधल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हा विषय मी मांडला होता, त्यामुळे पाठपुरावाही माझ्याकडेच आला.

आधी तिथे सिमेंटचे तीन बाक होते, कुंपणाच्या भिंतीला पाठ लावून एका ओळीत, तोंड पार्किंगकडे. संध्याकाळी तीन बाकांवर तीन माणसं असायची. चौथं कुणी आलं की उभ्या उभ्या दोन शब्द बोलून निघून जायचं. मी बारा वर्षं हे बघत होते आणि मला वाटायचं, लोकांनाच आता बोलायला नको असतं. ते चूक होतं, हे मला या दहा महिन्यांत कळलं.

एका ओळीतल्या बाकावर शेजारच्याशी बोलायचं तर मान पूर्ण वळवावी लागते. पाच मिनिटांत ती दुखते आणि आपण परत समोर बघायला लागतो. समोरासमोर बसलं की उलट अडचण होते. नीट ओळख नसलेल्या माणसाच्या डोळ्यांत सारखं बघत राहणं अवघड जातं, मग हातात मोबाईल येतो. काटकोनात बसलं की दोन्ही जमतं. बोलायचं असेल तर चेहरा दिसतो, नसेल तर नजर आपसूक झाडाकडे, गेटकडे जाते आणि गप्प बसण्याचा कुणाला राग येत नाही.

आमच्या तळमजल्यावरच्या आजोबांना कमी ऐकू येतं. जुन्या बाकावर ते कायम एकटे असत, कारण बाजूला बसलेल्याचे ओठ त्यांना दिसायचे नाहीत आणि "काय? काय?" करत राहणं त्यांना नको व्हायचं. नव्या बाकावर ते रोज कोपऱ्यापासून दुसऱ्या जागेवर बसतात. समोरच्याचा चेहरा तीन फुटांवर असतो. एप्रिलमध्ये त्यांच्या सूनबाई मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "ताई, बाबा हल्ली घरी येऊन आम्हाला बातम्या सांगतात." तेवढ्यासाठीही मला हा खर्च योग्य वाटतो.

माझी मुलगी आर्किटेक्चरला आहे. तिने मला कॅनडातली एक गोष्ट सांगितली. १९५० च्या दशकात सस्कॅचेवान प्रांतातल्या एका रुग्णालयात हम्फ्री ऑस्मंड हे मानसोपचारतज्ज्ञ आणि रॉबर्ट सोमर हे मानसशास्त्रज्ञ काम करत होते. वृद्ध स्त्रियांचा एक वॉर्ड छान रंगवला होता, खुर्च्या नव्या होत्या, पण त्या भिंतींना लावून ओळीत मांडलेल्या होत्या आणि बायका दिवसभर मुक्या बसून असत. यांनी लहान चौकोनी टेबलं आणून खुर्च्या त्यांच्याभोवती मांडल्या. सुरुवातीला कुणालाच ते आवडलं नाही. काही आठवड्यांनी मोजलं तेव्हा बायकांमधलं बोलणं जवळजवळ दुप्पट झालेलं होतं. माणसं तीच होती, खोलीही तीच.

"सुरुवातीला आवडलं नाही" हे लक्षात ठेवा. आमच्याकडेही पहिले तीन आठवडे बाक रिकामेच होते. लोक येऊन बघायचे, हात फिरवायचे आणि सवयीने पायऱ्यांवर जाऊन बसायचे. ग्रुपवर "पैसे पाण्यात" असा निरोप आला तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. मार्चमध्ये उकाडा सुरू झाला, घरात बसवेना, आणि माणसं आपण होऊन खाली आली.

फॅब्रिकेटरने आधी सुचवला होता तो झाडाच्या बुंध्याभोवतीचा गोल बाक. चित्रात तो फार सुंदर दिसतो आणि कमिटीतल्या बऱ्याच जणांना "गावच्या पारासारखा" म्हणून आवडलाही होता. मी नको म्हटलं. पार चार-पाच फूट रुंद असतो, त्यावर माणूस मांडी घालतो, वळतो, आडवा होतो, मधे पत्त्यांचा डाव पडतो. दीड फूट रुंदीच्या गोल बाकावर यातलं काही होत नाही. सगळ्यांच्या पाठी झाडाकडे आणि तोंडं दहा दिशांना. जागा असेल तर खरा पार बांधा, मातीला आणि मुळांना श्वास घ्यायला जागा ठेवून. नसेल तर गोल बाकाच्या नादी लागू नका.

माझ्या डोळ्यासमोर होतं ते वेगळंच. लग्नानंतर चार वर्षं आम्ही मडगावला राहिलो. तिथल्या जुन्या घरांना दारापुढे बाल्कांव असतो. रस्त्याकडून वर येणाऱ्या दोन-चार पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना बांधून काढलेल्या बैठका. मी परकी होते, कोंकणी येत नव्हती, तरी संध्याकाळी त्या रस्त्याने जाताना कुणी ना कुणी हाक मारायचंच. बसलेल्याला घर सोडावं लागत नाही आणि जाणाऱ्याला घरात शिरावं लागत नाही. आमच्या अंगणातही असंच काहीतरी हवं, असं माझ्या मनात तेव्हापासून होतं.

काटकोनी बाकात एक जागा मात्र फसवी असते, ती म्हणजे आतला कोपरा. फॅब्रिकेटरकडच्या नमुन्यात तिथेही बैठक होती. आम्ही दोघी मैत्रिणी तिथे बसून बघितलं, तर गुडघ्याला गुडघा लागतो. म्हणून तेवढ्या भागाची पाठ काढून तिथे सपाट फळी करून घेतली. तिच्यावर चहाचे कप राहतात, भाजीची पिशवी राहते, मुलांचा बुद्धिबळाचा पट राहतो. संपूर्ण मांडणीत सर्वांत जास्त वापर त्या फळीचा आहे. नमुन्यावर स्वतः बसून बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

बसायची उंची १८ इंच घेतली, ती बरोबर निघाली. बाकाला दोन्ही टोकांना हात आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसता कुठेही येतं, उठताना हात लागतोच. मधेही एक हात घ्या, म्हणजे कुणी आडवं होणार नाही, असा सल्ला मिळाला होता. तो मी घेतला नाही. लंडनच्या कॅमडेन भागात २०१२ मध्ये कुणाला झोपताच येऊ नये अशा आकाराचे काँक्रीटचे बाक बसवले गेले. त्यांचे फोटो मी पाहिलेत आणि आपल्या अंगणात तसं काही मला नको होतं. दुपारी एखादा कुरिअरवाला मुलगा दहा मिनिटं पाय लांब करतो. करू दे.

यावरून एक प्रसंग झाला, तो सांगायलाच हवा. घरकामाला येणाऱ्या मावशी पूर्वी दुपारचा डबा पार्किंगच्या जिन्याखाली खायच्या. एप्रिलपासून त्या टेबलावर बसायला लागल्या. ग्रुपवर लगेच निरोप आला की बाक सभासदांच्या पैशांचे आहेत. दोन-तीन जणांनी त्यावर अंगठाही दिला. मला फार वाईट वाटलं. ज्यांच्या हातचं आपण रोज खातो, त्यांना सावलीत बसून खायला मिळू नये? मी मीटिंगमध्ये तसंच बोलले. माझ्या बाजूने पहिला आवाज आला तो त्या कमी ऐकू येणाऱ्या आजोबांचा. ठराव वगैरे काही झाला नाही, पण विषय तिथेच थांबला. आता एक ते दोन टेबल मावशींचं असतं आणि जाताना ते रोज पुसलेलं असतं. मेमध्ये कैऱ्यांचा तक्कू कसा टिकवायचा हे आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्याकडूनच शिकून घेतलं.

सुट्या स्टुलांबद्दल मला सुरुवातीला शंका होती. हरवतील, मुलं ओढतील, असं वाटत होतं. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये कॅमेरे लावून माणसं कुठे आणि कशी बसतात ते टिपलं होतं. त्याला दिसलं की सुटी खुर्ची असेल तर माणूस बसण्याआधी ती थोडी सरकवतो, अगदी गरज नसली तरी. आमच्याकडे अगदी हेच होतं. स्टूल चार बोटं पुढे घेतलं की "मी यांच्यात आहे", मागे घेतलं की "मी नुसता ऐकतोय". सहातली सहा स्टुलं अजून आहेत. एक वॉचमन काकांच्या केबिनमध्ये असतं, ते तिथेच राहू दिलंय.

पण स्टुलांच्या बैठका पत्र्याच्या घेतल्या, ही माझी चूक. मेमध्ये चार वाजता त्यांच्यावर हात ठेवता येत नव्हता, त्याच वेळी शेजारचा साग फक्त कोमट होता. शेवटी सुताराकडून लाकडी चकत्या करून बसवल्या. पायांचे रबरी बूट चार महिन्यांत फाटले आणि शहाबादी फरशीवर स्टूल ओढल्याचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत जायला लागला. आता नायलॉनचे बूट आहेत, अजून टिकलेत.

आवाजाचा त्रास खराच झाला. एक बाक पहिल्या मजल्यावरच्या ज्या घराच्या बेडरूमखाली होता, तिथे बारावीचा मुलगा आहे. त्याच्या आईने दोनदा नम्रपणे सांगितलं, तिसऱ्यांदा तिचा आवाज चढला, आणि तिचं काहीच चुकलं नव्हतं. बाक जमिनीत गाडलेले नाहीत, बेस प्लेटने ठोकळ्यांवर बोल्टनी आवळलेत, म्हणून मे महिन्यात तो सोडवून पंधरा फूट पलीकडे नेता आला. खर्च आला तो नव्या ठोकळ्यांचा. रात्री दहाला दिवा बंद होतो, हेही तेव्हाच ठरलं. जागा कुठली बरोबर हे आधी कळत नाही, तेव्हा काँक्रीटमध्ये पक्कं करायची घाई करू नका.

पावसाने तीन गोष्टी उघड केल्या. गॅल्वनाईज केलेला पाईप उत्तम राहिला, पण जागेवर आणून जिथे वेल्डिंग केलं तिथे जस्त जळून गेलं होतं आणि जुलैत गंजाचे ओघळ दिसले. आता ते घासून झिंकचा रंग दिलाय. वेल्डिंग सगळं आधी आणि गॅल्वनायझिंग नंतर, हे लेखी घ्या. बोल्ट साधे लोखंडी निघाले, त्यांनी सागावर काळे डाग पाडले. स्टेनलेस स्टीलचे मागितले असते तर किमतीत फारसा फरक पडला नसता. तिसरं म्हणजे पट्ट्यांच्या वरच्या कडा गोल केलेल्या नव्हत्या, त्यामुळे सपाटीवर पाणी साचून राहायचं. दोन पट्ट्यांमध्ये आठ मिलिमीटरची फट आहे, तिच्यात करंजाची पानं आणि फुलं अडकतात आणि कुजतात. आठवड्यातून एकदा जुन्या ब्रशने फटी साफ करतो.

साग आता करडा पडलाय. काहींना ते जुनाट दिसतं. ते खराब होणं नव्हे, उन्हापावसात साग असाच होतो. दिवाळीआधी एका रविवारी आम्ही सात-आठ जणांनी पट्ट्या घासून अळशीचं तेल लावलं. एक काळजी घ्या. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून, पसरून वाळवा.

सिमेंटच्या जुन्या बाकांपैकी एकावर एका आजींच्या स्मरणार्थ असं लिहिलेलं होतं. तो काढताना त्यांच्या मुलाला आधी विचारलं. तो बाक आता गेटजवळ आहे, सकाळी शाळेच्या बसची वाट बघणारी मुलं त्यावर दप्तरं ठेवतात.

जानेवारीत सी विंगपुढे असेच बाक होणार आहेत. गोल कडा, स्टेनलेस बोल्ट, लाकडी बैठकीची स्टुलं हे तर आहेच, पण मुख्य बदल वेगळा आहे. बी विंगमधल्या आजी व्हीलचेअरवर येतात आणि आमच्या मांडणीत त्यांची खुर्ची बाकाच्या टोकाला, हाताच्या बाहेर राहते. गप्पा चालू असतात आणि त्या कडेला असतात. हे मला ऑगस्टपर्यंत दिसलंच नाही, याचं वाईट वाटतं. म्हणून सी विंगला बाकाची एक बाजू तीन फुटांनी आखूड केलीय आणि तेवढी जागा फरशी घालून मोकळी ठेवलीय, कोपऱ्यातल्या फळीला लागूनच. गेल्या रविवारी खडूने आखणी करून आजींना त्यांच्या खुर्चीसकट तिथे नेऊन बघितलं. फळीवरच्या कपापर्यंत त्यांचा हात न वाकता पोचतो.