नागपूरच्या उन्हाळ्यात इन्स्टॅक्स मिनी १२

काढलेला फोटो तेथल्या तेथे छापून बाहेर देणाऱ्या, फुजीफिल्मच्या इन्स्टॅक्स मिनी १२ या कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकातील एक ओळ मुंबईच्या ग्राहकाने वाचली नाही तरी फारसे बिघडत नाही. नागपूरकराने मात्र पैसे मोजण्यापूर्वी ती वाचलीच पाहिजे. कॅमेरा आणि फिल्म ५ ते ४० अंश सेल्सिअस या तापमानात वापरावी, एवढेच त्या ओळीत सांगितले आहे. एप्रिलच्या मध्यापासून मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत नागपुरात दुपारचा पारा चाळिशीच्या खाली क्वचितच राहतो. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले, तेव्हा संवेदक बिघडल्याचा खुलासा हवामान खात्याने केल्यावरही पानठेल्यांवरच्या गप्पांमध्ये तोच आकडा खरा मानला गेला. अशा गावात उन्हाळ्याची रोजची छायाचित्रे काढण्यासाठी हा कॅमेरा कितपत उपयोगी पडतो, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

इन्स्टॅक्स मालिका १९९८ पासून बाजारात आहे आणि मिनी १२ हे २०२३ मध्ये आलेले तिचे सर्वांत सोपे रूप आहे. कॅमेरा खेळण्यासारखा दिसतो, फिकट रंगांत मिळतो, आणि सेल व फिल्म न घालता त्याचे वजन तीनशे ग्रॅमच्या किंचित वर भरते. पुढची नळी फिरवली की तो सुरू होतो. आणखी थोडी फिरवली की ३० ते ५० सेंटिमीटरवरचे विषय टिपण्यासाठी सज्ज होतो. भिंग ६० मिमीचे असून प्रकाश आत सोडणारे त्याचे छिद्र एफ १२.७ एवढे लहान आहे, आणि अर्ध्या सेकंदापासून एका सेकंदाच्या अडीचशेव्या भागापर्यंतचा शटरचा वेग कॅमेरा स्वतःच ठरवतो. वापरणाऱ्याने ठरवायचे असे जवळपास काहीच उरत नाही. फ्लॅश बंद करण्याची सोय नाही, प्रकाश कमीअधिक करण्याचे बटण नाही, काढलेले चित्र पुसण्याचा तर प्रश्नच नाही. छायाचित्रणाची कला शिकू इच्छिणाऱ्याला हा कॅमेरा काहीही शिकवणार नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या घरी जमलेल्या आठ वर्षांच्या मुलापासून ऐंशीच्या आजीपर्यंत कोणाच्याही हाती तो न समजावता देता येतो, आणि हा गुण लहान नव्हे.

उन्हाचा संबंध कॅमेऱ्यापेक्षा फिल्मशी अधिक आहे. इन्स्टॅक्सच्या प्रत्येक पानाच्या, म्हणजे ज्यावर एक फोटो उमटतो त्या फिल्मच्या तुकड्याच्या, एका कडेला रसायनाची बारीक पुडी असते. पान बाहेर पडताना दोन रुळांमध्ये दाबले जाते, पुडी फुटते आणि रसायन पानभर सारखे पसरते. त्यानंतर सुमारे दीड मिनिटात चित्र उमटते. ही सगळी रासायनिक क्रिया असल्यामुळे ती तापमानावर अवलंबून आहे: थंडीत ती रेंगाळते, अतिउष्णतेत तिचा वेग आणि रंगांचा तोल दोन्ही बिघडतात. पान जोरजोरात हलवल्याने काहीही लवकर होत नाही, ती केवळ एक सवय आहे. नागपुरात त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाहेर आलेले पान उन्हात धरून पाहत न बसता लगेच एखाद्या वहीत किंवा पिशवीत सावलीला ठेवावे. शर्टाचा खिसाही चालतो. मे महिन्यात नागपूरच्या हवेपेक्षा माणसाचे अंग थंड असते.

सर्वांत वाईट जागा म्हणजे स्कूटरची डिकी. वरून ऊन आणि शेजारून इंजिन अशा कोंडीत ती इतकी तापते की तेथे तासभर राहिलेल्या फिल्मकडून चांगल्या रंगांची अपेक्षा करू नये. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचीही तीच कथा आहे. सकाळी घराबाहेर पडताना ओल्या पंचात गुंडाळलेली पाण्याची बाटली कापडी पिशवीत ठेवावी आणि तिच्या शेजारी, पाणी लागणार नाही अशा बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत, कॅमेरा ठेवावा. आपल्याकडची हवा कोरडी असल्यामुळे हा जुना उपाय दोन-तीन तास उत्तम चालतो. न उघडलेली फिल्म फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवण्यास हरकत नाही, बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नये. येथे विदर्भातील घरांना लागू पडणारी एक गोम आहे. आपल्या खोल्यांत कूलर चालू असतो, वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून येणारी हवा थंड असली तरी दमट असते, आणि फ्रिजमधून काढलेली गार फिल्म त्या हवेत उघडली की तिच्यावर बाष्प धरते. म्हणून वेष्टन न फोडता ती तासभर बाहेर ठेवावी आणि मगच कॅमेऱ्यात घालावी.

आता प्रकाशाचे पाहू. नागपूर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला असल्याने मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ऐन नवतपात, सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. विज्ञानशिक्षकांसाठी ही पर्वणी असली तरी माणसांची छायाचित्रे काढणाऱ्यासाठी तो सगळ्यांत वाईट प्रकाश आहे, कारण कपाळ आणि नाक उजळते आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे उरतात. त्यात इन्स्टॅक्सच्या फिल्मची झेप तोकडी आहे. ऊन आणि सावली यांतील फार मोठा फरक तिला पेलत नाही, त्यामुळे एकतर ऊन पांढरेफटक होते किंवा सावली काळी पडते. गच्चीवर पांढऱ्या धोतरावर वाळत घातलेल्या कुरडया दहा वाजताच्या उन्हात टिपल्या, तर कुरडई कोणती आणि धोतर कोणते हे ओळखता येत नाही. त्याच कुरडया सकाळी सहाला, चिकाचे पातेले अजून गरम असताना आणि सोऱ्या फिरवणाऱ्या काकूंच्या मनगटावर तिरपे कोवळे ऊन पडलेले असताना, त्यांच्या प्रत्येक वेढ्यासह येतात.

याच संदर्भात, बंद न होणारा फ्लॅश हा एरवी दोष असला, तरी उन्हाळ्यात एका ठिकाणी तो कामाला येतो. गुलमोहराखाली, हातगाडीच्या ताडपत्रीखाली किंवा वर्धा रोडवरच्या मेट्रोच्या दुमजली पुलाच्या सावलीत माणूस उभा असतो आणि त्याच्या मागे रस्ता उन्हाने भगभगत असतो. मोबाइलमध्ये अशा वेळी चेहरा काळवंडतो किंवा सॉफ्टवेअर तो ओढूनताणून उजळवते. येथे फ्लॅशचा प्रकाश डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याच्या आतही पोहोचतो आणि डोळे दिसतात. अंतर मात्र सांभाळावे लागते. या फ्लॅशची पोच साधारण सव्वादोन मीटरपर्यंतच आहे. त्यापलीकडे तो असून नसल्यासारखा असतो आणि अगदी जवळून चेहऱ्यावरचा घामही चमकवतो. दीड मीटर, म्हणजे दोघांनी हात पुढे केल्यावर बोटे जेमतेम टेकतील एवढे अंतर, सर्वांत चांगले.

म्हणून या कॅमेऱ्याची खरी वेळ सकाळची आहे. मेमध्ये साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि नऊपर्यंत पारा फिल्मच्या मर्यादेत असतो. संध्याकाळवर भिस्त ठेवू नये, कारण सहा वाजताही तो पुष्कळदा चाळिशीच्या वरच रेंगाळत असतो. सकाळच्या या तीन-साडेतीन तासांत कॉटन मार्केटमध्ये उतरणारी भाजी, टरबुजांचे ढीग आणि त्यांच्यावर बसून चहा पिणारे हमाल, तर्री पोह्यांच्या ठेल्याभोवतीची गर्दी, अंबाझरीला फिरून परतणारी ज्येष्ठ मंडळी असे पुष्कळ काही मिळते. दृश्ये मात्र टाळावीत. फुटाळ्याचा सूर्यास्त या कॅमेऱ्यात काढणे म्हणजे फिल्म वाया घालवणे होय: ६२ बाय ४६ मिलिमीटरच्या चित्रात तलाव बोटभर उरतो, आकाश फिक्कट होते आणि फ्लॅश कठड्यावरच्या कणसांचीच तेवढी दखल घेतो. झिरो माइलच्या खांबाचे आणि घोड्यांचेही तेच होते. वास्तू आणि क्षितिजे मोबाइलला द्यावीत.

मिनी १२ ज्यासाठी घ्यावा ते कारण वेगळेच आहे, आणि ते चित्राच्या दर्जात नाही. या कॅमेऱ्यातून निघालेले छायाचित्र ज्याचे आहे त्याला तेथल्या तेथे देता येते. आपण हौशी मंडळी वर्षानुवर्षे रसवंतीवाल्याचे, कूलरचे गवत विकणाऱ्याचे, पाणपोईवर रांजण भरणाऱ्या बाईंचे फोटो मोबाइलमध्ये काढतो, 'पाठवतो' म्हणून सांगतो, आणि ते कोठेतरी हजारो चित्रांखाली गाडले जातात. ज्याचे चित्र काढले त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. सीताबर्डीकडे जाताना लागणाऱ्या एका रसवंतीवर चरक फिरवणाऱ्या भाऊंचे छायाचित्र मी काढले, तेव्हा ते उमटेपर्यंत त्यांनी यंत्र थांबवले, गिऱ्हाइकांनाही थांबवले आणि चित्र दिसू लागताच विचारले, "हा मलेच ठेवू द्या न भाऊ?" तो त्यांच्यासाठीच होता. नंतर त्यांनी दोनदा केस विंचरून आणखी एक मागितला आणि त्या दुसऱ्या फोटोच्या वेळी पहिल्यातला मोकळेपणा गेला होता, ही गोष्ट वेगळी. पण कॅमेरा पाहून तोंड फिरवणारे शेजारचे लिंबूसरबतवाले मग आपण होऊन पुढे आले.

देण्याच्या या सवयीला खर्च येतो. कॅमेरा दहा हजारांच्या आतबाहेर मिळतो, त्याचे फारसे वाटत नाही. फिल्म मात्र पुन्हा पुन्हा घ्यावी लागते आणि एका पुड्यात दहाच पाने असतात. जोडपुडा घेतला तरी एक फोटो पन्नास रुपयांच्या वरच पडतो, म्हणजे प्रयोगशाळेतून छापून घेतलेल्या साध्या फोटोपेक्षा कितीतरी महाग आणि तर्री पोह्यांच्या एका प्लेटीपेक्षाही महाग. या खर्चाने हात आपोआप आखडतो. माझ्या मते हे चांगलेच आहे, कारण एका पेरूवाल्याचे चाळीस फोटो काढून त्यांतला एकही न बघण्यापेक्षा त्याच्याशी दोन मिनिटे बोलून एक काढणे अधिक सभ्यपणाचे आहे. ज्यांना चित्राची प्रत स्वतःजवळ हवी असेल त्यांनी ते देण्यापूर्वी मोबाइलने सावलीत टिपून घ्यावे, कारण या पानाची मूळ प्रत एकच असते.

रात्रीच्या गच्चीवर या कॅमेऱ्याची कामगिरी बरी आहे. अंथरुणे पसरलेली, सुरई कोपऱ्यात, मुले पत्त्यांच्या डावावरून भांडत असलेली, अशा वेळी कॅमेरा आपोआप वेग कमी करतो, त्यामुळे फ्लॅशने जवळची माणसे येतात आणि मागचे दिवेही थोडे उमटतात. हात स्थिर नसेल तर दिव्यांच्या रेघा होतात. कॅमेरा कठड्यावर टेकवावा. चित्र उभे असल्याने दहा-बारा भावंडे त्यात मावत नाहीत, कॅमेरा आडवा धरावा लागतो आणि तेव्हा फ्लॅशपुढे बोट येणार नाही याकडे लक्ष द्यावे लागते. भिंगाशेजारचा छोटा आरसा स्वतःचा फोटो काढताना खरोखर उपयोगी आहे. दोन साध्या एए अल्कलाइन सेलवर सुमारे शंभर फोटो निघतात, ही आणखी एक सोय. चार्जर शोधत बसावे लागत नाही.

ज्यांना फ्लॅश बंद करण्याची मुभा हवी आहे, संध्याकाळच्या उजेडात प्रयोग करायचे आहेत आणि प्रकाश स्वतः कमीजास्त करायचा आहे, त्यांनी बरेच अधिक पैसे घालून त्याच कंपनीचा २०२४ मध्ये आलेला मिनी ९९ पाहावा. फिल्म दोन्हींना एकच लागते. मिनी १२ घेणाऱ्यांनी फिल्मचा साठा होळीच्या आधी करून ठेवावा. भर मेमध्ये ऑनलाइन मागवलेली फिल्म कोणत्या टेम्पोत, किती तास उन्हात उभी होती हे कळण्यास मार्ग नसतो. त्यामुळे उन्हाळ्यात घ्यावीच लागली तर वातानुकूलित दुकानातून, पुड्यावरची मुदत वाचून आणि काचेच्या दर्शनी कपाटातला पुडा न स्वीकारता आतला मागून घ्यावी.