गोळ्या चांगल्या, डबी भिकार: सुक्रालोजचे आठ महिने

सातव्या महिन्यात सुक्रालोजच्या डबीचं, दाबलं की एक गोळी टाकणारं बटण अडकलं. आता आठवा संपत आलाय. गोळ्या आत खुळखुळायच्या, बाहेर यायचं नाव घेत नव्हत्या.

सुक्रालोज म्हणजे साखरेऐवजी वापरायचा कृत्रिम गोडवा, साखरेच्या साधारण 600 पट गोड, म्हणून इवलीशी एक गोळी म्हणजे एक चमचा साखरेएवढी गोडी. मी रोज तीन कप चहा घेतो, पूर्वी दोन-दोन चमचे साखर घालून. म्हणजे 24 ग्रॅम साखर आणि जवळजवळ 100 कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना अशी वरून घातलेली साखर जमल्यास दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. माझा कोटा चहातच संपायचा.

आधी स्टीव्हियाची, म्हणजे गोड पानांच्या एका झाडाची, पूड आणून पाहिली होती. पुढे हिरवंगार पान आणि मागे घटकांच्या यादीत पहिलं नाव एरिथ्रिटॉल या दुसऱ्याच गोडव्याचं! सर्वांत जास्त असलेला घटक आधी लिहितात, म्हणजे पान नावापुरतंच. फळांवर भुरभुरली की जिभेला गार लागायची आणि चहात मागाहून कडवट. अस्पार्टेम हा आणखी एक कृत्रिम गोडवा घेतला नाही, कारण तो उष्णतेत टिकत नाही आणि मी चहा उकळूनच पितो.

सुक्रालोजची चव मात्र जमली. पहिल्या चार डब्याही धड चालल्या. पाचवीने दगा दिला. दाबलं की कधी दोन गोळ्या, कधी नुसतंच टक्, आणि मग तेही बंद. कंपनीला फोटोसकट लिहिलं. उत्तर आलं, ‘उत्पादन कोरड्या जागी ठेवावे.’ अहो, चहाच्या भांड्यावर वाफ येणार नाही तर काय येणार? दुसऱ्या मेलला उत्तरच नाही. गोळ्या फेकवेनात, म्हणून सुरीने डबी फोडली. निम्म्या गोळ्या ओट्यावर सांडल्या, त्या एकेक वेचून औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरल्या.

इथपर्यंत मी या गोळ्यांना पाचपैकी पाच देणार होतो, डबी वगळून. पण वजनकाटा हलला नव्हता. साखर वाचवली या आनंदात मी चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त खात होतो. वजन आटोक्यात ठेवायला असे पर्याय वापरू नका, असं त्याच जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये सांगितलंय. हा सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही, त्यांनी डॉक्टरांनाच विचारावं.

खरी गंमत बाटलीमुळे झाली. सांडताना काही गोळ्या तुटल्या होत्या. एकदा दोनऐवजी दीडच पडली आणि मला पत्ता लागला नाही. मग मुद्दाम एक घातली. पहिले चार दिवस चहा पांचट लागला, नंतर सवय झाली. आता नखाने मोडून कपाला अर्धी. एवढे महिने मी ‘टक्-टक्’ दोनदा दाबत होतो ते केवळ साखर दोन चमचे असायची म्हणून. अर्धी गोळी द्यायची सोय त्या बटणात नव्हतीच.

बाटलीत 120 गोळ्या उरल्यात, मोजल्यात मी. जुन्या हिशेबाने 20 दिवसांत संपल्या असत्या, आता 80 दिवस पुरतील. एक साधी डबी बदलून दिली असती, तर एव्हाना सहावीही घेतली असती.