हमी विकली आणि साहेब निघून गेले

लॅपटॉप घेताना एक्स्टेंडेड वॉरंटीचे वेगळे पैसे भरणार असाल, तर आधी हे वाचा. टिळक रोडवरच्या एका दुकानातून मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घेतला. तीन वर्षांच्या वॉरंटीचे पैसे वेगळे मोजले. "काका, बिनधास्त राहा, तीन वर्षं बघायचं काम नाही," असं काउंटरवरच्या मुलानं सांगितलं होतं.

वर्ष उलटायच्या आत डावीकडची बिजागरी घट्ट झाली. झाकण उघडताना खालचं प्लास्टिक तडकलं, स्क्रू ज्यात बसतात ती पितळी नळकांडी उपटून बाहेर आली, आत केबल चिमटली आणि स्क्रीनवर उभ्या रेघा दिसू लागल्या. सर्व्हिस सेंटरनं जॉबशीटवर, म्हणजे मशीन जमा केल्याच्या कागदावर, 'कस्टमर डॅमेज' (ग्राहकानंच मोडलं) असं लिहिलं. मी भांडलो, तेव्हा ते खोडून 'पार्ट पेंडिंग' झालं. मग दर वेळी एकच उत्तर, पार्ट वरून यायचाय. शेवटी तिथल्याच एका मुलाला राहवलं नाही. म्हणाला, "काका, खोटं कशाला बोलू? या मॉडेलचे पार्ट तुम्ही घेतलंत त्याच्या आधीपासूनच बंद आहेत." पुढे सेंटरला कुलूप लागलं आणि कंपनीनं इथला गाशा गुंडाळला. दुकानदार म्हणतो, आमचा काय संबंध?

धंदा बुडू शकतो, माल खराब निघू शकतो. पण पार्ट मिळणार नाहीत हे माहीत असताना तीन वर्षांची हमी विकणं ही सरळ फसवणूक आहे. आणि ते काउंटरवरच्या पोरानं ठरवलेलं नव्हतं. ठरवणारे वर बसले होते. त्यांच्यातले एक आज दुसऱ्या कंपनीत मोठ्या पदावर आहेत, नव्या उद्योजकांना व्याख्यानं देतात. खुर्ची सोडली म्हणून आमचं देणं फिटलं, असं मी मानत नाही. त्यांनी माफी मागायलाच हवी.

माफीनं काय होणार, असं लोक विचारतात. १९९४ मध्ये इंटेल कंपनीची पेंटियम ही कॉम्प्युटरची चिप भागाकारात चुकते, हे थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांनी उघड केलं. कंपनीला दोष आधीच ठाऊक होता. तरी तिचं म्हणणं असं, की साध्या वापरात अशी चूक २७ हजार वर्षांतून एखादी होईल, म्हणून गरज असल्याचं पटवून देणाऱ्यालाच चिप बदलून मिळेल. ओरड झाली, आणि डिसेंबरमध्ये इंटेलचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांच्यासह वरिष्ठांच्या सह्यांनी जाहीर माफी छापली गेली. मागेल त्याला नवी चिप मिळाली. त्यापायी कंपनीनं ४७.५ कोटी डॉलरचा बोजा हिशेबात धरला. माफीच्या आधी दारं बंद होती, ती त्यानंतर उघडली. उलट कमोडोर या कॉम्प्युटर कंपनीनं सप्टेंबर १९९३ मध्ये अमिगा सीडी३२ हा व्हिडिओ गेमचा कन्सोल बाजारात आणला आणि एप्रिल १९९४ मध्ये कंपनीच बुडाली. नाताळात तो घेणाऱ्यांच्या हातात काही महिन्यांत वाली नसलेलं यंत्र उरलं. ग्रोव्ह खुर्चीवर होते, म्हणून त्यांना जाब तरी विचारता आला. खुर्ची सोडून गेलेल्याला तो कुणी विचारायचा?

तेव्हा पैसे देण्याआधी वॉरंटीच्या कागदावर नाव कुणाचं आहे ते बघा: कंपनीचं, विमा कंपनीचं की नुसतं दुकानाचं. मशीन जमा कराल तेव्हा तारीख आणि सिरीयल नंबर घातलेली जॉबशीट घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. खाडाखोड असेल तर तिथंच फोटो काढा, माझ्याकडे आज तोच पुरावा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रारीची मुदत मात्र दोन वर्षांची, म्हणून 'पार्ट येतोय' ऐकत ती घालवू नका. दुकानदारालाही पक्षकार करा.

मी अर्ज तयार केला आहे. वॉरंटीचे पैसे आणि दुरुस्तीचा खर्च मागितलाच आहे. शिवाय त्या काळात निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांची, पार्ट कधी बंद झाले त्या तारखेसकट, लेखी माफी ही वेगळी मागणी घातली आहे. वकील म्हणाले, ती काढून टाका, मिळणार नाही. मी ती ठेवली आहे.