सिव्हिलचा केमो वॉर्ड : सोळा फेऱ्यांचा हिशेब

माझं उजव्या बाजूच्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन परळला, टाटा हॉस्पिटलात झालं. डिस्चार्ज देताना तिथल्या डॉक्टरांनी गाव विचारलं आणि पुढच्या केमोसाठी आमच्याच जिल्ह्याच्या सिव्हिलच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. आमच्या अण्णाचं तोंड बघण्यासारखं झालं. आमच्याकडे सिव्हिलला माणूस जातो तो साप चावल्यावर, नाहीतर अपंगत्वाचा दाखला काढायला. तिथं केमो?

पण हिशेब केला तर दुसरा रस्ता नव्हता. आधी तीन-तीन आठवड्यांनी लाल रंगाच्या औषधाच्या चार सलाईन, मग दर आठवड्याला एक अशा बारा. एकूण सोळा, म्हणजे जवळजवळ सहा महिने. ऑपरेशनच्या वेळी दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो होतो. जागा चांगली, पण सहा महिने अण्णाने शेत कुणावर टाकायचं आणि मी माझी अंगणवाडी कुणावर? सिव्हिल घरापासून 38 किलोमीटर. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळी परत.

जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. वॉर्डातल्या सिस्टरनेच हात जोडून सांगितलं, "बाई, चांगलं लिहा नाहीतर वाईट लिहा, आमची नावं नकोत. साहेब लोक विचारतात."

मी सत्तावीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. त्यामुळे कुठंही गेले की आधी दोन गोष्टी बघते, रजिस्टर आणि वजनकाटा. रजिस्टर पाहून जीव थंड झाला. प्रत्येक पेशंटचं एक पान, त्यावर कितवी फेरी, रक्तातल्या पेशींचा काउंट किती, कोणतं औषध किती मिलिग्रॅम, कोणत्या हाताला सुई, किती वाजता सुरू, किती वाजता बंद. आणि दोन सह्या. एक सिस्टर औषध काढते, दुसरी बाटलीवरचं नाव आणि केसपेपर जुळवून बघते, मगच सही. संध्याकाळी एकदम बसून भरलेलं रजिस्टर मला लांबून ओळखू येतं, शाई एकसारखी असते. हे तसं नव्हतं.

काटा मात्र बिघडलेला. मी चढायच्या आधीच तो दीड किलो दाखवत होता. केमोचा डोस उंची आणि वजनावर काढतात, हे टाटात समजावून सांगितलं होतं, म्हणून मी खाली उतरून म्हटलं, "सिस्टर, काटा शून्यावर नाही." मोठ्या सिस्टर उठून आल्या, स्वतः चढून बघितलं, ओपीडीतला काटा आणवला आणि त्या दिवशी आलेल्या सगळ्यांची वजनं परत घेतली. पुढच्या फेरीला काटा नवा. कुणी तोंड वाकडं केलं नाही. सरकारी जागेत चूक दाखवल्यावर काय ऐकून घ्यावं लागतं ते मला ठाऊक आहे, मीही सरकारीच.

डॉक्टर एकच. एम.डी. मेडिसिनचे, वय पस्तिशीचं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मी कॅन्सरचा स्पेशालिस्ट नाही. औषधं टाटाने ठरवलीत, ती नीट देणं माझं काम. अडलं की मी त्यांना विचारणार." अण्णाला हे आवडलं नाही. मला आवडलं. राज्याने 2018 मध्ये जिल्ह्याच्या रुग्णालयांत केमो सुरू करायचं ठरवलं, त्यासाठी टाटाने डॉक्टर आणि सिस्टर शिकवून तयार केले, त्या धोरणातून हे आलेले. मला डॉक्टर परगावचा चालतो, नवखा चालतो, फक्त "माहीत नाही" म्हणता आलं पाहिजे.

याची परीक्षा दुसऱ्या लाल सलाईनच्या वेळी झाली. रक्त तपासलं तर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 800 वर उतरलेल्या. पुढच्या आठवड्यात पुतणीचं लग्न, मी म्हटलं उरकून टाका. ते म्हणाले, "बाई, लग्नात आजारी पडायचंय का?" रिपोर्टचा फोटो माझ्यासमोर टाटाला पाठवला, अर्ध्या तासात उत्तर आलं, फेरी एक आठवडा पुढे. काउंट वाढवायची तीन इंजेक्शनं दिली ती रोज एक. त्यासाठी 38 किलोमीटर येऊ नका म्हणून आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टरला फोन लावला. ती इंजेक्शनं मी बर्फ घातलेल्या थर्मासात, मांडीवर धरून, एसटीने गावी आणली. पोलिओचे डोस वाहून नेलेले असल्याने हे काम मला नवं नव्हतं. एक गोष्ट त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिली होती : ताप 100.4 च्या वर गेला तर घरी गोळी घेऊन झोपायचं नाही, रात्री दोन वाजले तरी यायचं. मला ती वेळ आली नाही. कागद अजून फ्रीजवर चिकटवलेला आहे.

आता सिस्टर लोकांबद्दल, कारण खरा वॉर्ड त्यांचा आहे. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही. म्हणजे सोळाच्या सोळा वेळा डावाच हात, आणि केमोने शिरा सुतासारख्या होतात. दोघींपैकी धाकटीचा हात असा की सांगता येत नाही. गरम पाण्याची पिशवी दहा मिनिटं, मग बोटाने चाचपायचं, चापट मारायची नाही. "बाई, मूठ आवळा. सोडा. झालं." दोनदा चुकलं तर तिसऱ्यांदा स्वतः टोचत नाही, मोठीला बोलावते. हा त्यांचा नियम.

तिसऱ्या फेरीला लाल औषध चढताना हाताला आग झाली. मी जरा वेळ गप्प बसले, ही माझी चूक. सांगितल्यावर तिने तिथल्या तिथे औषध थांबवलं, सुई काढायच्या आधी तीच पिचकारी मागे ओढून जेवढं निघेल तेवढं औषध बाहेर घेतलं, मग थंड पट्टी. हे औषध शिरेबाहेर गेलं तर मांस जळतं. डॉक्टर आले, पेनाने लालीभोवती रेघ ओढली, फोटो काढला, पुढचे सात दिवस रोज फोन. रुपयाएवढा काळा डाग राहिला, एवढ्यावर भागलं. सिस्टर म्हणाली, "माझं लक्ष दुसऱ्या बेडकडे गेलं होतं." अकरा पेशंट आणि दोन सिस्टर, लक्ष जाणारच. पण हे वाक्य मी सरकारी माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

त्या दिवशी अण्णा बसस्टँडवर म्हणाला, "लाल परीतून यायचं आणि लाल सलाईन लावून जायचं." मला हसू आलं, मग बराच वेळ आवरेना.

पैशांचं सांगते. महात्मा फुले योजनेत केमो फुकट झाली. आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचे कागद बघणाऱ्या माणसाला, रेशनकार्ड, आधार आणि गाठीचा रिपोर्ट लागतो, मूळ आणि दोन झेरॉक्स. झेरॉक्सवाला गेटबाहेर, नऊनंतर उघडतो. लाल औषधाआधी हृदयाची इको लागते. सिव्हिलचं मशीन होतं, चालवणारा डॉक्टर रजेवर, म्हणून बाहेर 1,600 रुपये गेले. उलटीची चांगली गोळी दोनदा संपलेली होती, तीही बाहेरून. एसटीत बाई म्हणून अर्धं तिकीट मिळतंच, पण कॅन्सरच्या पेशंटला 75 टक्के सवलत आहे, हे मला पाचव्या फेरीला शेजारच्या बेडवरच्या मावशींनी सांगितलं. वॉर्डात याचा एक कागद भिंतीला लावायला काय जातं?

वाईट ते वाईटच. वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट मी गेले त्या सोळा दिवसांपैकी सहा दिवस बंद. संडास एकच, बायका-पुरुष मिळून, आणि कडी आतून लागत नाही. केमो घेतलेल्या माणसाला दर तासाला जावं लागतं, मग बाहेर अण्णा राखणीला उभा. सोबत येणाऱ्याला बसायला काही नाही, चटई न्या. शेक, म्हणजे रेडिएशन, इथं नाहीच. त्यासाठी मला तीन आठवडे दुसऱ्या शहरात नातेवाइकांकडे राहावं लागलं.

आता फक्त गोळ्या न्यायला महिन्यातून एकदा जाते. मागच्या खेपेला वॉर्डात धाकटी दिसली नाही. तिला कॅज्युअल्टीत टाकलंय म्हणाले, तिच्या जागी नवी मुलगी, अजून टाटाला ट्रेनिंगला जायची आहे. खिडकीजवळच्या बेडवर आमच्याच बाजूची एक बाई, दोनदा टोचून झालेलं, डोळ्यांत पाणी. मोठ्या सिस्टर मीटिंगला गेलेल्या. मी गोळ्यांची पिशवी बेडवर ठेवली, दोन जिने उतरून कॅज्युअल्टीत गेले आणि धाकटीला घेऊन वर आले. ती हात धुऊन बसली, गरम पिशवी मागितली, नव्या मुलीचं बोट धरून त्या बाईच्या मनगटावर ठेवलं आणि म्हणाली, "इथं बघ. लागते का?"