जपानच्या व्हेंडिंग मशीनमधून काय प्यावे

जपानमध्ये केवळ पेये विकणाऱ्या व्हेंडिंग मशीनची संख्या 20 लाखांच्या पुढे आहे, म्हणजे साधारण साठ माणसांमागे एक. रेल्वेचा फलाट, रुग्णालयाचा व्हरांडा, देवळाचे आवार, इतकेच काय, खेड्यातल्या भातखाचरांच्या कडेचा रस्ता, कुठेही ही यंत्रे दिवसरात्र उभी असतात. पुण्या-मुंबईकडून नोकरीसाठी तोक्योला येणारी अनेक मराठी कुटुंबे निशि-कासाई भागात बिऱ्हाड करतात आणि घर लागण्याआधीच या यंत्रांशी त्यांचा परिचय होतो. परंतु रांगेत मांडलेल्या तीसएक बाटल्या आणि डब्यांमधून नेमके काय उचलावे, हे कळायला बराच काळ जातो. म्हणून हे परीक्षण. या सगळ्या व्यवस्थेत मला सर्वांत मोलाचे वाटते ते साखर न घातलेल्या पेयांना मिळालेले मानाचे स्थान. आपल्याकडे रस्त्यावर तहान लागली आणि गोड नको असेल, तर पाण्यावाचून फारसा पर्याय उरत नाही. इथे मात्र जवळपास प्रत्येक यंत्रात बिनसाखरेचे तीन-चार प्रकारचे चहा हमखास असतात आणि लोक तेच आवडीने घेतात.

यंत्र वापरणे सोपे आहे. ते 10, 50, 100 आणि 500 येनची नाणी आणि 1000 येनची नोट घेते. 1 आणि 5 येनची नाणी घेत नाही, आणि काही जुनी यंत्रे 500 येनचे नवे नाणेही परत टाकतात. त्यामुळे रेल्वेचे सुइका किंवा पास्मो हे प्रीपेड कार्ड जवळ असलेले बरे. बाटलीखालची पट्टी निळी असेल तर पेय थंड असते आणि लाल असेल तर गरम. पहिल्या थंडीत लाल पट्टीचा डबा हातात पडतो, तेव्हा तो इतका ऊन असतो की थोडा वेळ एका हातातून दुसऱ्या हातात फिरवावा लागतो आणि मग तोच कोटाच्या खिशात ठेवून माणसे गाडीची वाट पाहतात. जपानी व्हेंडिंग मशीनचे हे गरम-थंड एकत्र देणे 1970 च्या दशकात रूढ झाले आणि त्यानेच डब्यातल्या कॉफीला हिवाळ्यात गिऱ्हाईक मिळवून दिले. यंत्राशेजारी रिकाम्या बाटल्यांसाठी पेटी असते. तीत केवळ बाटल्या आणि डबेच टाकायचे, इतर कचरा नाही, हा नियम पाळणे आपले कर्तव्य आहे.

आता मुख्य विषय, म्हणजे चहा. जपानी हिरव्या चहाची पाने तोडल्यावर लगेच वाफवतात, म्हणून त्यांना ओल्या गवताचा आणि किंचित समुद्री वनस्पतींचा स्वाद येतो. दूध-साखर-आल्याच्या चहावर वाढलेल्या जिभेला पहिला घोट परका वाटतो, हे खरे आहे. पण जेवणासोबत दोन-चार वेळा घेतला की तोंड स्वच्छ करणारा त्याचा तुरटपणा आवडू लागतो. हा चहा बाटलीत आणणे सोपे नव्हते. हवेतील प्राणवायूमुळे तो तपकिरी पडतो आणि त्याचा वास बिघडतो. इतो एन या कंपनीने डब्यातली हवा नायट्रोजनने बाहेर काढून ही अडचण सोडवली आणि 1985 मध्ये डबाबंद सेन्चा, म्हणजे नेहमीचा हिरवा चहा, बाजारात आणला; 1989 मध्ये त्याला ‘ओई ओचा’ हे नाव मिळाले आणि 1990 मध्ये तो प्लॅस्टिकच्या बाटलीत आला. जो चहा घरी आणि खानावळीत फुकट मिळतो तो पैसे देऊन कोण घेईल, असा प्रश्न त्या काळी अगदी रास्त होता. आज ओई ओचाची बाटली न मिळणारे दुकान शोधावे लागेल. त्याचा स्वाद ठसठशीत आणि तुरट आहे. ज्यांना सौम्य चहा हवा असेल त्यांनी 2007 मध्ये आलेला ‘आयाताका’ घ्यावा. क्योतोजवळच्या उजी येथील कानबायाशी या जुन्या चहाच्या पेढीच्या सहकार्याने तो तयार झाला. त्याच्या तळाशी बारीक हिरवा गाळ बसतो, म्हणून झाकण उघडण्यापूर्वी बाटली हलक्या हाताने उलटी-सुलटी करावी. त्या गाळातच त्याचा गुळगुळीत, भरलेला स्वाद आहे.

तरीही नवख्या मराठी माणसाला मी हिरव्या चहापासून सुरुवात करायला सांगणार नाही. त्याने आधी मुगिचा घ्यावा. यात चहाची पाने मुळीच नसतात. जव खरपूस भाजून त्याचा काढा करतात, त्यामुळे त्यात कॅफीन नसते आणि लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वांना तो चालतो. झाकण उघडताच थालीपिठाची भाजणी भाजताना स्वयंपाकघरात पसरतो तसा वास येतो आणि परकेपणा तिथेच सरतो. चव हलकी, कडवटपणा नावाला आणि घोट घशाखाली उतरल्यावर भाजलेल्या धान्याची गोडी मागे राहते. एदो काळात (सतरावे ते एकोणिसावे शतक) उन्हाळ्याच्या रात्री रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर हेच पेय गरम विकले जात असे. आता जुलै-ऑगस्टच्या दमट उकाड्यात जपानी घरांच्या फ्रिजमध्ये त्याचा जग भरलेला असतो. रोजच्या वापरासाठी संपूर्ण यंत्रातून एकच बाटली निवडायची झाली, तर मी हीच निवडेन.

दुसरा क्रमांक होजिचाचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्योतोमध्ये रूढ झालेला हा चहा म्हणजे हिरव्या चहाची पाने किंवा देठ चढ्या आचेवर भाजून केलेला तांबूस चहा. भाजल्यामुळे तुरटपणा कमी होतो, कॅफीनही कमी राहते आणि रात्रीच्या जेवणानंतर तो निर्धास्तपणे घेता येतो. थंड होजिचा बरा लागतो, पण हिवाळ्यात लाल पट्टीखाली मिळणारा गरम होजिचा त्याहून कितीतरी सरस आहे. भाजलेल्या तांदळाचा गेन्माइचा आणि ऊलाँग हा चिनी धाटणीचा चहाही मिळतात. तळकट जेवणावर ऊलाँग छान जातो.

कॉफीबाबत माझे मत इतके उत्साही नाही. 1969 मध्ये यूसीसी कंपनीने दूध घातलेल्या कॉफीचा डबा बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात त्याला मोठी मागणी आली. संस्थापक तादाओ उएशिमा स्थानकावर काचेच्या बाटलीतली दूध-कॉफी पीत असताना गाडी सुटायची वेळ झाली आणि बाटली दुकानात परत करायची असल्यामुळे उरलेली कॉफी टाकून द्यावी लागली, त्यातून डब्याची कल्पना सुचली, असे कंपनी सांगते. इतिहास सुरेख आहे, परंतु दूध-साखरेच्या बहुतेक डब्यांत कॉफीपेक्षा साखरच पुढे येते, आणि आपल्या फिल्टर कॉफीची सवय असलेल्याला ती पातळ वाटण्याचा संभव अधिक. साखर नको असेल तर ज्यावर रोमन अक्षरांत ‘ब्लॅक’ लिहिले आहे तो डबा घ्यावा. गरम असताना तो कामापुरता चांगला असतो. बाटलीबंद दुधाचा चहा मात्र आपल्या चहाची तहान भागवील या आशेने घेऊ नये. तो फार गोड आणि मसाल्याविना असतो.

गोड पेयांमध्ये काल्पिस मनापासून आवडावे असे आहे. मंगोलियातल्या आंबवलेल्या दुधाने प्रभावित होऊन काइउन मिशिमा यांनी 1919 मध्ये ते बाजारात आणले. मूळ पेय दाट असते आणि घरी चार-पाच पट पाणी घालून घेतात; यंत्रात ते पाणी घालून तयार मिळते. आंबटगोड, पांढरेशुभ्र आणि दुधाचे असूनही हलके. मुलांना ते हमखास आवडते. पोकारी स्वेट हे शिरेतून द्यायची सलाइने बनवणाऱ्या ओत्सुका कंपनीचे 1980 मधले पेय आहे. घाम गाळणाऱ्या उन्हाळ्यात त्याचा उपयोग निर्विवाद, पण 100 मिलिलिटरमध्ये सुमारे 6 ग्रॅम साखर असल्यामुळे मधुमेह असलेल्यांनी ते साधे पाणी समजून पिऊ नये. रामुने हे सोड्याचे पेय यंत्रापेक्षा जत्रेत आणि किराणा दुकानात अधिक दिसते. त्याची बाटली आणि आपली गोटी सोड्याची बाटली दोन्ही हायरम कॉड या इंग्रजाच्या 1870 च्या दशकातल्या रचनेवरूनच आल्या आहेत. सोडा मात्र गोड, लिंबाच्या चवीचा, मसाल्याशिवाय.

हिवाळ्यात यंत्रांत मक्याचे गरम सूप आणि लाल अझुकी बीन्सचे गोड शिरुको डब्यात येतात. शाकाहारी वाचकांनी सूप घेण्याआधी घटकांची यादी भाषांतराच्या अॅपने अवश्य वाचावी, कारण काहींत कोंबडीचा अर्क असतो. शिरुकोत सहसा ही अडचण नसते. काही यंत्रांत बाटलीतून स्वयंपाकात घालायचा माशांचा अर्कही विकला जातो आणि बाटली चहासारखीच दिसते, तेव्हा घाईत बटण दाबू नये. याच हंगामात गरम अमाझाकेही मिळते. तांदूळ आणि कोजी ही बुरशी एकत्र करून काही तास उबेत ठेवली की साखर न घालताच त्याला गोडी येते. मात्र साके ही तांदळाची दारू गाळून उरलेल्या चोथ्यापासून केलेल्या प्रकारात मद्यार्काचा थोडा अंश असू शकतो. मद्य पूर्णपणे वर्ज्य असलेल्यांनी केवळ तांदूळ आणि कोजी हेच घटक असलेले अमाझाके निवडावे. ते दाट असते, भाताच्या कणांसह लागते आणि पोटाला आधार देते.

उणीव एकच, ती किमतीची. अर्ध्या लिटरची बाटली यंत्रात महाग पडते आणि तोच चहा सुपरमार्केटमध्ये बराच स्वस्त मिळतो. चौघांचे कुटुंब उन्हाळाभर यंत्रावर विसंबले तर खर्च जाणवतो आणि प्लॅस्टिकही साठते. त्यावर उत्तम उपाय म्हणजे मुगिचाच्या पिशव्या. सुपरमार्केटमध्ये पन्नासएक पिशव्यांचे पाकीट 200 ते 300 येनच्या दरम्यान मिळते. एक लिटर थंड पाण्यात एक पिशवी टाकून जग फ्रिजमध्ये ठेवावा आणि तासा-दोन तासांनी पिशवी काढून घ्यावी. तशीच राहू दिली तर चहा गढूळ आणि कडवट होतो. जवातल्या पिष्टमय अंशामुळे तो पानांच्या चहापेक्षा लवकर खराब होतो, म्हणून उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापर्यंत संपेल इतकाच करावा.