सीपीई ५१०ची जोडी: आळ मागे घेते

आमचं घर वाघोटण खाडीच्या अलीकडे, सिंधुदुर्गात. आंब्याच्या कलमांची बाग पलीकडच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर), रत्नागिरी जिल्ह्यात. नकाशावर सरळ रेघ मारली तर १.८ किलोमीटर, पण प्रत्यक्ष जाऊन यायचं तर अर्धा दिवस मोडतो. मांगरावर, म्हणजे बागेतल्या छोट्या घरावर, मोबाइलची एखादी दांडी आली तर आली. फेब्रुवारीपासून वानरं, नंतर चोर. राखणीला दोघे नेपाळी भाऊ असतात, तरी चार कॅमेरे आणि एक डीव्हीआर (त्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) बसवला. बसवल्यावर लक्षात आलं की ते चित्र बघायला बागेतच जावं लागतंय.

म्हणून दोन वर्षांपूर्वी टीपी-लिंकचे सीपीई ५१० दोन नग घेतले: एक घरी, एक बागेत, दोन्ही जागा वायरीशिवाय हवेतून जोडणारे. हा त्यांचा रिव्ह्यू आहे. त्याचबरोबर महिनाभर मी त्यांच्यावर जो खोटा आळ घेत होते, तोही इथे मागे घेते.

वीतभर लांबीचा पांढरा डबा. आत १३ डीबीआयचा अँटेना, म्हणजे लहर चारी दिशांना न उधळता समोर फेकणारा. ५ गिगाहर्ट्झवर चालतो. शेजारच्या काकांनी "वायरलेसचं लायसन लागतं ना गो?" म्हणून घाबरवलं होतं, तर २०१८पासून हा पट्टा आपल्याकडे परवानामुक्त आहे. वीज आणि डेटा एकाच केबलीतून जातो, त्यामुळे खांबावर वेगळं कनेक्शन नेण्याची भानगड नाही. मात्र ही वीज २४ व्होल्टची, सोबतच्याच ॲडाप्टरमधून द्यायची. कॅमेऱ्यांच्या ४८ व्होल्टच्या पीओई (केबलीतूनच वीज देणाऱ्या) स्विचशी तिची गल्लत करू नका.

दोन्ही डब्यांची तोंडं जुळवायला धाकट्या राखणदाराने मांगरावरून आरशाने ऊन परावर्तित केलं आणि मी टाकीवर उभी राहून त्या चमकेच्या रोखाने डबा फिरवला. सिग्नल उणे ६६ आला (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). कागदावरचा हिशेब उणे ६७ सांगत होता, तेव्हा मी खूश. दोन लहान गोष्टी मात्र कुठे वाचल्या नव्हत्या. एक, समोर वीसेक मीटरवर माडाची झावळ होती. ती रेषेत नव्हती, रेषेच्या खाली होती, म्हणून सोडून दिली. पण लहरीला नुसती रेष पुरत नाही, रेषेभोवती जागाही मोकळी लागते. तिथे साधारण मीटरभर, खाडीच्या मध्यावर जवळजवळ पाच मीटर. वारा सुटला की झावळ त्या जागेत शिरायची आणि चित्र अडकायचं. झावळ तोडली, मिटलं. दुसरी गोष्ट भरती-ओहोटी. पाण्यावरून परतणारी लहर सरळ येणाऱ्या लहरीत मिसळते, आणि पाणी चढलं-उतरलं की तो मेळ बदलतो. आमचा सिग्नल दिवसभरात उणे ६४ ते उणे ७१ असा झुलतो. मी पंचांगाशी ताडून पाहिलंय. चित्र दोन्ही वेळा येतं, हे महत्त्वाचं.

तर घरी बसून बाग दिसायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "आंबे थंय आसत, नि तू हय बसान काय बघतंस?" मग त्याच संध्याकाळी खुर्ची ओढून बसल्या.

अडचण सुरू झाली पुण्याच्या भावोजींपासून. "वहिनी, मलाही इथून दिसू दे की." मी अकरा वर्षं तालुक्याला एमएस-सीआयटी शिकवलं आहे. आयपी ॲड्रेस म्हणजे घराचा पत्ता, पोर्ट म्हणजे खोलीचा नंबर, हे मुलांना इतक्यांदा सांगितलं की झोपेत सांगेन. फायबरच्या राऊटरमध्ये गेले, पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये नियम टाकला: बाहेरून ८००० वर येणारं सगळं १९२.१६८.१.५० ला, म्हणजे डीव्हीआरला, द्या. भावोजींनी उघडून पाहिलं. काही नाही.

माझं पहिलं बोट सीपीईकडे. एवढ्या लांबवर हवेतून जाणारी गोष्ट, तीच कच्ची असणार! टाकीवर चढले, डबा दोन अंश इकडे, दोन अंश तिकडे. चॅनल बदलला. चॅनलची रुंदी कमी केली. सिग्नल सुधारला, पोर्ट बंदच. तीन रविवार असे गेले. घरून डीव्हीआरला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' विचारलं, तर तीन मिलिसेकंदात उत्तर येतं, एकही पॅकेट हरवत नाही, हे समोर दिसत असूनही. जी जोडणी घरून दिसण्यापुरती धड आहे, ती पुण्यासाठीही धडच असणार, हे डोक्यात शिरायला तीन रविवार लागले.

मग टाकीवर चढणं बंद केलं आणि कॉम्प्युटरसमोर बसले. एकामागे एक चार गाठी निघाल्या, आणि चारही माझ्या किंवा कनेक्शनच्या, डब्याची एकही नाही.

पहिली: मी घरच्याच वायफायवरून बाहेरच्या पत्त्याने तपासत होते. सगळे राऊटर आतल्या माणसाला बाहेरून फिरवून परत आत घेत नाहीत. म्हणजे नियम बरोबर असता तरी मला 'बंद' दिसलं असतं. तपासायचं तर मोबाइलचा डेटा चालू करून, वायफाय बंद करून.

दुसरी: राऊटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता १००.७२ ने सुरू होत होता, आणि इंटरनेटवर 'माझा आयपी' विचारलं तर भलताच आकडा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले गेले. असा पत्ता तुमच्या वॅनला दिसला तर तुम्ही चाळीत राहता आणि चाळीचं मुख्य दार कंपनीच्या हातात आहे. तुम्ही तुमच्या खोलीचं दार कितीही उघडं ठेवा, पाहुणा फाटकावरच परत जातो. फोनवरच्या मुलाने मला पाच वेळा "राऊटर रिस्टार्ट करा मॅडम" सांगितलं. सहाव्यांदा मी "सीजीनॅट" हा या चाळपद्धतीचा तांत्रिक शब्द उच्चारला, तेव्हा कुठे फोन वरच्या माणसाकडे गेला. वर्षाचे वेगळे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायमचा बाहेरचा पत्ता, मिळाला. जाहिरातीत हे का लिहीत नाहीत, हा प्रश्न मी त्यांनाही विचारला.

तिसरी गाठ मांगरातली. राखणदारांना वायफाय हवं म्हणून मी क्लासमधला एक जुना राऊटर तिथे लावला होता, आणि सीपीईची केबल त्याच्या वॅनमध्ये खोचली होती. म्हणजे दाराच्या आत आणखी एक दार. डीव्हीआर त्याच्या आधी, सीपीईच्या स्विचवर होता म्हणून घरून दिसायचा. पण एकदा वीज गेल्यावर थोरल्या राखणदाराने केबली परत लावताना डीव्हीआर राऊटरला जोडला, आणि घरूनही गायब. जुन्या राऊटरचं डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद केलं, त्याला स्वतःला १९२.१६८.१.३ दिलं, केबल लॅनमध्ये, म्हणजे आतल्या बाजूच्या खोबणीत, घातली. आता तो नुसता वायफायचा खांब. सीपीईचे दोन्ही डबे कारखान्यातून १९२.१६८.०.२५४ हाच पत्ता घेऊन येतात, त्यांनाही ११ आणि १२ नंबर दिले. याच वेळी आणखी एक गंमत दिसली: घरच्या यादीत डीव्हीआर आणि पलीकडचा डबा या दोघांचा मॅक पत्ता (यंत्राचा कारखान्यातला ओळख क्रमांक) एकच. साध्या क्लायंट मोडमध्ये मागच्या सगळ्यांच्या वतीने डबाच बोलतो. दोन्ही टोकांना डब्ल्यूडीएस ही सेटिंग चालू केल्यावर ज्याचा त्याचा मॅक दिसायला लागला. पत्ता मॅकवर बांधून ठेवणार असाल तर हे आधी करा.

एवढं झालं. स्टॅटिक आयपी आला, नियम तोच. मोबाइल डेटावरून तपासलं. बंद!

त्या रात्री मी जेवले नाही, हे सासूबाई अजून सगळ्यांना सांगतात. चौथी गाठ डीव्हीआरच्या नेटवर्क पानावर होती. गेटवेच्या, म्हणजे बाहेर जायच्या दाराच्या, रकान्यात १९२.१६८.०.१, म्हणजे बसवणाऱ्याने टाकलेला जुना आकडा. घरच्या माणसाला उत्तर द्यायला गेटवे लागत नाही, तो एकाच अंगणात असतो. पुण्याहून हाक आली की मात्र उत्तर अंगणाबाहेर टाकायचं असतं, आणि डीव्हीआर ते अशा दाराकडे नेत होता जे आमच्या घरात नाहीच. हाक पोचत होती, ओ परत येत नव्हती. शून्याच्या जागी एक लिहिला. भावोजींचा फोन आला: "वहिनी, कुत्रा दिसतोय!"

दोन दिवसांनी डीव्हीआरची नोंदवही उघडली तर भलत्याच पत्त्यांवरून 'ॲडमिन' नावाने लॉगिनचे प्रयत्न. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच उघडे कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्याच्या पासवर्डने ताब्यात घेतले होते. ८००० बंद केला. क्लासचा एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) पडून होता, त्यावर वायरगार्ड (कुलूपबंद बोगदा तयार करणारं व्हीपीएन) चढवलं आणि बाहेरून फक्त यूडीपी ५१८२० हा पोर्ट त्याला दिला. भावोजी आता आधी त्या बोगद्यातून घरात येतात, मग बाग बघतात. पब्लिक आयपी याला लागतोच, तो खर्च वाचत नाही.

आता डब्यांचा निकाल. दोन पावसाळे काढले, आत पाणी नाही. खाऱ्या हवेच्या भीतीने सोबतच्या पट्ट्यांवर आणखी एक स्टीलची पट्टी मारली आहे आणि खांबाला अर्थिंग दिलं आहे. सड्यावर वीज पडते, तिथे कंजुषी नको. केबलीचं पोर्ट १०० एमबीपीएसचं आहे. चार कॅमेऱ्यांना ते पुरून उरतं, पण पलीकडे होमस्टे काढून दहा जणांना सिनेमे दाखवायचे असतील तर वरचं मॉडेल बघा. मध्ये टेकडी किंवा आमराई असेल तर कुठलंच मॉडेल बघू नका, आधी उंच खांब बघा.

पाचपैकी साडेचार. टाकीवर घालवलेल्या तीन रविवारांचे गुण मी त्यांच्या खात्यातून कापलेले नाहीत.