सहा ट्रक माती आणि एक पायरी

मे महिन्यात अंगणात लॉन करून घेतलं. घर फोंड्याजवळ, खाली जांभा, त्यामुळे वरून माती आणून टाकावीच लागते. पावसाच्या आत काम उरकायची घाई माझीच. लॉनवाल्याने हिशेब कागदावर लिहून दिला, तेवढ्यावर मी खूश. आता तोच कागद बघितला की डोकं फिरतं. जागा चौरस मीटरमध्ये, गवत चौरस फुटांत आणि माती ब्रासमध्ये, म्हणजे 100 घनफुटांच्या मापात! एकाचा दुसऱ्याशी ताळा लागणारच नाही अशी मांडणी.

अंगण 12 बाय 7 मीटर, म्हणजे 84. मधला तुळशीवृंदावनाचा कट्टा 2 बाय 2, तो वजा जाता 80 चौरस मीटर. त्याने कट्टा वजा केलाच नव्हता. तुळशीखालीही मेक्सिकन गवत लावलं म्हणायचं. 80 चौरस मीटरचे झाले 861 चौरस फूट. कडा कापताना वाया जातं म्हणून दहा टक्के जास्त धरले तरी 950 च्या आतच. बिल मात्र 1,100 चं. पण ते एक वेळ सोडा.

खरा हात मारला मातीत. "सर, सहा ट्रक. ट्रकाला एक ब्रास, ब्रासला 4,500." छोटे टिपर दिवेलागणीला यायचे, फाळका उघडून माती ओतायचे, ड्रायव्हर चलन पुढे करायचा, मी सही करायचो. हिने त्यांना चहाही पाजला.

चतुर्थीला साखळीहून मेहुणा आला. अंगणात उभा राहून तो गवताकडे नाही, व्हरांड्याच्या खालच्या पायरीकडे बघत होता.

"भावोजी, सहा ब्रास म्हणजे 600 घनफूट. 861 ने भागा. आठ इंचांच्या वर थर येतो. पावसाने दबून वीस टक्के बसला तरी साडेसहा इंच राहायला हवा. पायरी सहा इंचांची आहे ना? मग दिसते कशी?"

स्क्रूड्रायव्हर खुपसला. चार इंचांवर खट्‌कन जांभा लागला.

पुढे तोच टिपर शेजारच्या वाड्यावर आला, तेव्हा टेप घेऊन गेलो. हौदा आतून आठ फूट लांब, पाच रुंद, दीड उंच. म्हणजे 60 घनफूट, काठोकाठ भरला तर. ब्रास होतो 100 चा. माझ्याकडे आली 3.6 ब्रास, पैसे सहाचे. 10,800 रुपये गेले. माती ओतायच्या आधी दोन मिनिटं टेप लावला असता तर तिथेच कळलं असतं. एकदा पसरली की मोजणार काय?

लॉनवाल्याला फोन केला. आवाज न चढवता म्हणाला, "सर, तुम्ही स्वतः उभे होतात ना?" सहाही चलनं त्याने व्हॉट्सॲपवर पाठवली. प्रत्येकावर '1 ब्रास' लिहिलेलं, आणि खाली माझी सही.